गर्भारणीची सुई आणि सांगोवांगीच्या गोष्टी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की मंडळाच्या कार्याचा गौरव करावयाचा अशी पद्धत आहे. परंतु तो भाग चिटणीसबाईंच्या अहवालात इतका नीट आला आहे की मी त्यात भर घालण्याचे कारण नाही. त्यांनी मला, "तुमच्या नोकरीतले काहीतरी सांगा," अशी सूचना केली. आरोग्य खात्यात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षे गेली आणि त्यांतली निम्मी तरी गरोदर बायकांच्या दंडाशी सुई घेऊन उभे राहण्यात गेली. तेव्हा त्या सुईविषयीच बोलते.

निमित्तही तसेच घडले. गेल्या महिन्यात आपल्याच आळीतल्या एका सासूबाईंनी मला जिन्यात गाठले. त्यांच्या सुनेला पाचवा महिना लागला आहे. "ती सुई घेऊ द्यावी की नको? फोनवर निरोप आलाय, त्या सुईने पुढे मूल होत नाही म्हणे!" मी त्यांना जिन्यातच दोन वाक्यांत उत्तर दिले. पण खरे सांगावयाचे तर या प्रश्नाला दोन वाक्ये पुरत नाहीत, आणि तो विचारणारी बाई अडाणी असते असेही नाही. पदवीधर मुलींनीही मला तो विचारलेला आहे.

आधी रोग काय ते पाहू. ही सुई मुख्यत्वे धनुर्वाताची. पूर्वी तिला टीटी म्हणत. आता तिच्या जागी टीडी देतात, म्हणजे धनुर्वाताच्या जोडीला घटसर्पाचेही संरक्षण. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात असतात. तेथे ती वर्षानुवर्षे टिकतात व साध्या उकळण्यालाही पुष्कळदा दाद देत नाहीत. घरच्या बाळंतपणात नाळ कापावयाला विळा, कोयता किंवा हाताला लागेल ते पाते घेत. वर कोठे राख, कोठे शेण लावीत. बाळ जन्मते तेव्हा अगदी धडधाकट असते, रडते, दूध ओढते. मग तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत, बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, ते अंगावर पिईनासे होते. जबडा मिटतो. जरा आवाज झाला, उजेड पडला, हात लागला की आकडी येते आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. उपचार मिळाले नाहीत तर अशी बहुतेक सर्व बाळे दगावतात.

आपल्याकडे पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते म्हणतात. आपण पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, दिवा विझू देत नाही, रात्र जागून काढतो. हा रिवाज ज्या बायकांनी पाडला त्यांनी नेमक्या त्या दोनचार दिवसांत पुष्कळ बाळे जाताना पाहिली असावीत, असे माझे आपले मत आहे. पुरावा मात्र मागू नका.

या रोगाच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, मातीतून येतो. त्यामुळे शेजारच्या दहाजणींनी सुई घेतली म्हणून अकरावीचे बाळ वाचेल असे होत नाही. गोवरासारख्या रोगात इतरांच्या लशीचा आडोसा मिळतो, येथे तो नाही. दुसरी गोष्ट, हा रोग एकदा होऊन गेला तरी शरीर त्याच्याविरुद्ध पुरेशी शक्ती कमावत नाही. सुईखेरीज ती येत नाही.

मग सुई आईच्या दंडात आणि संरक्षण बाळाला, हे कसे? लशीत धनुर्वाताचे विष निकामी करून घातलेले असते. ते रोग करू शकत नाही, पण शरीर त्याला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. ही प्रतिद्रव्ये वारेतून गर्भाकडे जातात, आणि बाळ जन्मतानाच ती घेऊन येते. गरोदरपण कळताच लवकर पहिली सुई, चार आठवड्यांनी दुसरी. मागच्या गरोदरपणात दोन्ही घेतल्या असतील आणि त्याला तीन वर्षे झाली नसतील, तर या खेपेस एकच. आता पाहा, या सुईने पुढचे मूल होत नसते, तर पुढच्या मुलाच्या वेळची सुई किती घ्यावी हा नियम सरकारने कोणासाठी केला असता? जिन्यातल्या सासूबाईंना मी हेच विचारले, तेव्हा त्या हसल्या.

१९८८ साली जगात सुमारे ७ लक्ष ८७ हजार नवजात बाळे धनुर्वाताने गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. त्यांत आपल्या देशातली बाळे फार होती. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी बाळाला तो होतो. यश एकट्या सुईचे नाही. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, नाळ स्वच्छ पात्याने कापू लागले, तिच्यावर काही लावणे थांबले. पण माती आहे तेथेच आहे, आणि तिच्यातली बीजेही.

आता सांगोवांगीकडे वळते. या गोष्टी हवेतून येत नाहीत, त्यांना कोठेतरी मूळ असते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा इस्पितळात नेलेल्या माणसाला मारून त्याचे तेल काढतात अशी वदंता उठली, आणि आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. वदंता खोटी होती. परंतु माणसांना घरातून ओढून नेत होते, हे खोटे नव्हते. त्याच मुंबईत वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावी (आज ते पाकिस्तानात आहे) ती लस टोचलेल्यांपैकी १९ माणसे मेली, आणि तीही धनुर्वातानेच! बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि तोच पुन्हा वापरला, असे पुढे निष्पन्न झाले. दोष लशीचा नव्हता, मातीत पडलेल्या चिमट्याचा होता. हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर व्हावयास १९०७ साल उजाडले. पण मलकोवालच्या कोणी बाईने नंतर सुईला नकार दिला असेल, तर तिला मी तरी मूर्ख म्हणणार नाही.

तसेच १९७६ चे. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्या दिवसांत सरकारी माणसाच्या हातातल्या कोणत्याही सुईकडे लोक संशयाने पाहात. धनुर्वाताची सुई गरोदर बायकांच्याच वाट्याला यावयाची, म्हणून तिच्यावर अधिकच. ज्या घरात तेव्हा कोणाला ओढून नेले, त्या घरातली भीती एका पिढीत जात नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९० नंतर मेक्सिको व फिलिपाइन्समध्ये, आणि २०१४ साली आफ्रिकेतल्या केनियात, धनुर्वाताच्या लशीत वंध्यत्वाचे औषध मिसळले आहे असा गवगवा झाला. त्याचा धागा आपल्या दिल्लीपर्यंत येतो. तेथे डॉ. तलवार व त्यांचे सहकारी संततिनियमनाची एक प्रायोगिक लस तयार करीत होते. गरोदरपणात आढळणाऱ्या एका संप्रेरकाचा अंश त्यांनी धनुर्वाताच्या निकामी केलेल्या विषाला जोडला होता, म्हणजे शरीर त्याची दखल घेईल. हे संशोधन उघड चालले होते, त्याचे निबंध छापून आले होते, आणि त्याला स्त्रियांच्या संघटनांनी उघड विरोधही केला होता. ती लस वेगळी, गरोदर बाईला देतात ती वेगळी. परंतु दोहोंत 'धनुर्वात' हा एक शब्द समान सापडला, आणि सांगणाऱ्याला तेवढा पुरला. अशा निरोपात एक कण खरा असतो म्हणूनच तो पचतो.

करोनाच्या वेळी आपण सर्वांनी हे पाहिलेच. २०२१ च्या जानेवारीत लस आली तेव्हा गरोदर बायकांनी घेऊ नये असे सांगण्यात आले, कारण चाचण्यांत त्यांना घेतलेच नव्हते. जुलैच्या २ तारखेला सांगितले की घेता येईल. मधल्या काळात दुसऱ्या लाटेत गरोदर बायकांचे काय हाल झाले ते येथे बसलेल्या कित्येकींनी जवळून पाहिले आहे. आधी नको आणि मग घ्या, याचे कारण कोणी समजावून दिले नाही. ती रिकामी जागा फोनवरच्या निरोपांनी भरली. त्यातच पुष्कळ बायका म्हणू लागल्या की लस घेतल्यावर पाळी पुढेमागे झाली. त्यांना, "मनाचे खेळ आहेत," म्हणून वाटेला लावण्यात आले. नंतर २०२२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाळी सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबते व लवकरच पूर्ववत होते असे आढळले. म्हणजे बायका खोटे बोलत नव्हत्या. आणि वंध्यत्वाची गोष्टही खरी नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांचे ऐकून घेतले असते तर दुसरी इतकी पसरली नसती.

मी काही सगळ्या सुयांची वकिली करावयास उभी नाही. गरोदर बाईने अंगात काहीही घेताना विचारावे, हे योग्यच आहे. थॅलिडोमाइड नावाचे औषध १९५७ पासून युरोपात गरोदर बायकांना मळमळीवर बिनधोक म्हणून देत. त्यापायी हजारो मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली, तेव्हा १९६१ साली ते बाजारातून काढले. काही लशी गरोदरपणात देतच नाहीत. गोवर-रुबेलाची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते, म्हणून ती गर्भ राहण्यापूर्वीच घ्यावयाची. उलट, गरोदरपणी खुद्द रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय अधू होऊ शकते, हे सिडनीच्या डॉ. ग्रेग यांनी १९४१ साली ओळखले होते. तेव्हा 'गरोदरपणी लस नको' हे सरसकट बोलणे जितके चुकीचे, तितकेच 'कोणतीही चालते' हेही.

लोहाच्या गोळ्यांविषयीही एक शब्द सांगते. गोळीने बाळ काळे होते, अशी समजूत मी जिल्हाभर ऐकली. काळा होतो तो मळ, बाळ नव्हे. कोणाला केशराचे दूध प्यावयाचे असेल तर खुशाल प्यावे, पर्स हलकी होईल इतकेच. पण त्यापायी लोहाची गोळी मोरीत टाकू नये.

नोकरीत असताना एका वस्तीवर एक सासूबाई मला उंबऱ्याच्या आत घेईनात. सून आत, सात महिन्यांची. मी रागे भरले नाही, ओट्यावर बसले आणि पाणी मागितले. त्यांची स्वतःची मुले किती, असे सहज विचारले. म्हणाल्या, चार आहेत, दोन गेली. कशाने? "सटवाईने नेली. सहाव्या दिवशी तोंड मिटलं." दोन्ही तशीच. नाळ कशाने कापली होती ते मी विचारले. त्यांनी सांगितले आणि बराच वेळ गप्प राहिल्या. मीही काही बोलले नाही. सुई कोणत्या रोगाची ते मी मग सांगितले, दंड दोन दिवस दुखेल, थोडी कणकण येईल, हेही सांगितले. सुनेला त्यांनी स्वतः हाताला धरून बाहेर आणले. पुढच्या सुईच्या दिवशी शेजारच्या दोघींनाही घेऊन आल्या.

मंडळाला माझी विनंती एवढीच आहे की दर महिन्याच्या सभेनंतर अर्धा तास गरोदर मुलींसाठी राखावा. सासूबाई आणि आई यांनाही बोलवावे, कारण घरात निर्णय पुष्कळदा त्यांचाच असतो. मुलींनी माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर आणावे, म्हणजे कोणती सुई झाली नि कोणती राहिली ते पाहता येईल. फोनवर आलेला निरोप असेल तर तोही आणावा, खोडून टाकू नये. सुई नव्या पाकिटातली आहे का, बाटलीवरची तारीख काय, हे नर्सबाईंना विचारावयास शिका. चांगली नर्स त्याचा राग धरीत नाही. ज्याचे उत्तर मला येणार नाही ते मी प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना विचारून पुढच्या सभेत सांगेन.

पहिला अर्धा तास येत्या सभेलाच ठेवावा असे अध्यक्षबाईंनी मघाशी मान्य केले आहे. जिन्यातल्या सासूबाई सुनेला घेऊन येणार आहेत.