बंद पडलेलं इंजिन आणि आपली देणगी

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ताच सुंदर नाट्यगीतं झाली, थोड्या वेळाने बटाटेवडे येतील, आणि या दोहोंच्या मध्ये कार्यकारिणीने आम्हाला डिझेल इंजिनावर बोलायला उभं केलं आहे. "हे कशाला?" असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतोच आहे. तेव्हा आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही मंडळातले पाच-सहा जण, सगळे तिशीतले, सगळे इंजिनिअर. निम्मे तर चक्क मेकॅनिकल शिकलेले. पण कॉलेजात डिझेल सायकलचे आलेख काढले आणि नोकरी मात्र सॉफ्टवेअरमध्ये धरली. तरीही गावाकडून फोन येतो तो कॉम्प्युटरबद्दल नसतो. "तू इंजिनिअर आहेस ना? मग सांग, ट्रॅक्टर का सुरू होत नाही?" या प्रश्नापुढे जावा आणि डेटाबेस काही कामाला येत नाहीत!

यंदाचा निधी गावातल्या बचत गटांच्या अवजार बँकांसाठी आहे, हे आपण पत्रकात वाचलंच असेल. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, मळणी यंत्र अशी अवजारं गटाने ठेवायची आणि लहान शेतकऱ्यांना भाड्याने द्यायची, अशी ही पद्धत. अनेकांनी आम्हाला विचारलं, "मग सरळ एक नवा ट्रॅक्टरच देऊ या ना! त्यावर मंडळाचं नावही घालता येईल." विचार चांगला आहे. पण आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे, आणि तेच सांगायला आम्ही इथे उभे आहोत. बऱ्याचदा गावात यंत्र असतं, ते बंद पडलेलं असतं. आणि ते बंद पडतं ते फार मोठ्या कारणाने नव्हे.

बंद पडलं तर काय बिघडलं, दोन दिवसांनी दुरुस्त होईल, असं आपल्याला इथे बसून वाटतं. पण शेताला कॅलेंडर असतं. जूनमध्ये पाऊस पडून गेल्यावर जमिनीला वाफसा येतो. जमीन फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही, अशी ती वेळ मोजक्या दिवसांची. त्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर पेरणी लांबते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापून ढीग लावलेला असतो आणि परतीचा पाऊस डोक्यावर असतो. ज्याचा स्वतःचा ट्रॅक्टर नाही, जो तासावर भाडं देऊन काम करून घेतो, त्याचा नंबर सगळ्यात शेवटी येतो. म्हणून इंजिन बंद पडण्याची खरी किंमत तोच मोजतो.

आता इंजिनाकडे वळू. घाबरू नका, आलेख काढणार नाही!

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून पंप मारला की तो गरम लागतो, हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलं आहे. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीसाठी स्पार्क प्लग असतो, इथे तो नाही. सिलिंडरमधली हवा साधारण पंधरा ते वीस पट दाबली जाते, तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं, आणि त्यात नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे हे यशस्वीपणे करून दाखवलं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि विहिरीवरचं 'ऑईल इंजिन' मराठी शेतकऱ्याच्या घरातला शब्द होऊन गेला.

म्हणजे इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: स्वच्छ डिझेल, स्वच्छ हवा आणि पुरेसा दाब. आणि सुरू झालेलं इंजिन टिकायला दोन: ऑईल आणि थंडावा. सुरू व्हायला तीन, टिकायला दोन. एवढं लक्षात राहिलं तरी आजचं भाषण कामी आलं.

पहिलं डिझेल. शेतावर ते प्लास्टिकच्या कॅनमधून येतं. कॅनच्या तळाशी गाळ असतो, पाणी असतं. आणल्या आणल्या टाकीत ओतलं की हे सगळं फिल्टरमध्ये जातं. कॅन रात्रभर हलवू नये, जाळीच्या नरसाळ्यातून ओतावं आणि तळाचं थोडं कॅनमध्येच ठेवावं. टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी, कारण अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन डिझेलमध्ये उतरते. फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असेल तर तो अधूनमधून सैल करून पाणी सोडावं. याला खर्च काहीच नाही, पण हेच केलं नाही तर पंप आणि नोझल खराब होतात आणि बिल हजारांत जातं.

दुसरी हवा. मळणीच्या वेळी भुसा आणि धूळ किती उडते ते आपण पाहिलंच आहे. एअर क्लीनर तुंबला की इंजिनाचा दम कोंडतो, ते काळा धूर टाकतं आणि ताकद कमी होते. जुन्या ट्रॅक्टरांत क्लीनरच्या खालच्या वाटीत ऑईल असतं, त्यातला गाळ काढून खुणेपर्यंत नवं ऑईल भरावं लागतं. कोरडा फिल्टर असेल तर तो दगडावर आपटून साफ करू नये, कागद फाटतो. आणि क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीचा क्लॅम्प सैल असेल, तर धूळ गाळलीच जात नाही, थेट सिलिंडरमध्ये जाते. पिस्टन, रिंगा, बोअर सगळं झिजतं. मग तिसरी गोष्ट, म्हणजे दाब, तोही जातो. चार आण्याच्या क्लॅम्पपायी इंजिन खोलायची वेळ येते!

आता थंडावा आणि ऑईल. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो, पंख्याचा पट्टा सैल होतो, आणि इंजिन तापतं. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण एक-सव्वा सेंटिमीटर दबावा, फार जास्त नको. विहिरीचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये घालत राहिलं तर किटलीत बसतो तसा थर आत बसतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये, वाफेने हात-तोंड भाजतं. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो. ऑईलची पट्टी सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून बघावी. ऑईल कमी झालं तर काळजी करायचीच, पण वाढलं तर जास्त करायची! वाढलेलं ऑईल पातळ असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल उतरतंय, दुधासारखं दिसत असेल तर पाणी. दोन्ही वेळा इंजिन चालवू नये. चालू असताना ऑईलचा लाल दिवा लागला तर "एवढी ओळ पूर्ण करून थांबू" असंही म्हणू नये, तिथेच बंद करावं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले बिघाड शोधताना आधी लॉग बघतो. इंजिनाचा लॉग म्हणजे धूर. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त किंवा बोजा जास्त. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. सकाळच्या गारठ्यात थोडा वेळ पांढरा धूर येणं ठीक, पण इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बघायला हवं. आणि सुरूच होत नसेल तर सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच: स्टार्टर मारताना धूर येतो का? धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येऊनही सुरू होत नसेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे गारठा, कमी दाब किंवा टायमिंग. एका प्रश्नात अर्धी शक्यता बाद!

याचं एक उदाहरण. २०१९ सालचा ऑक्टोबर. त्या वर्षी अवकाळी पावसाने महाराष्ट्रात सोयाबीनचं किती नुकसान केलं ते आपल्याला आठवत असेल. आमच्यापैकी एकाच्या चुलतभावाचा बार्शी तालुक्यातून रात्री फोन आला. सोयाबीनचा ढीग लागलेला, मळणी अर्धी झालेली, आणि ट्रॅक्टर बंद. गावात आलेल्या मिस्त्रीने सांगितलं होतं, पंप काढून तालुक्याला न्यायला लागेल, चार दिवस तरी लागतील.

"दादा, स्टार्टर मारल्यावर धूर येतो का?"

"नाही रे, काहीच नाही."

"टाकीत डिझेल आहे?"

"आहे की, कालच टाकलंय."

"मग फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल कर आणि हाताने पंप मार. बुडबुडे येतायत?"

"येतायत. थांबतच नाहीत!"

बुडबुडे थांबत नाहीत, म्हणजे कुठून तरी हवा आत जात होती. पंप ज्या बाजूने डिझेल ओढतो त्या बाजूची नळी चिरली की कधी कधी डिझेल बाहेर गळताना दिसत नाही, पण हवा मात्र आत ओढली जाते. दादांनी टाकीकडून येणारी रबरी नळी तपासली, तर क्लॅम्पखाली ती तडकलेली. तेवढं टोक कापलं, नळी परत बसवली, बुडबुडे संपेपर्यंत पंप मारला, स्क्रू घट्ट केला. दुसऱ्या की तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. दिवस मावळायच्या आत मळणी उरकली, पोती घरात गेली. पाऊस आला तो दुसऱ्या दिवशी. पंप तालुक्याला गेला असता तर? दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला!

पण मंडळी, इथे बसून फोनवर सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. खरं काम केलं ते तिथे पाना हातात घेतलेल्या माणसाने. प्रत्येक गावात असा माणूस हवा, आणि त्याच्या हाताशी पाना हवा.

सगळंच गावात करता येतं असंही नाही. पंपाचं टायमिंग आणि नोझलची तपासणी ही वर्कशॉपची कामं. नोझलचा फवारा इतक्या दाबाने उडतो की तो कातडी फोडून आत जातो, त्याखाली कधीही बोट धरू नये. १ जानेवारी २०२३ पासून भारतात पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल इंजिनं आली. त्यांच्या जास्त दाबाच्या नळ्या गावात सैल करूच नयेत. आणि मळणी यंत्राच्या फिरत्या शाफ्टजवळ पदर, ओढणी, सैल बाही नेऊ नये. आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मग हात. काय करायचं याइतकंच काय करायचं नाही, हेही शिकवायला लागतं.

म्हणूनच यंदाची योजना अशी आहे. प्रत्येक अवजार बँकेला एक पेटी: पान्यांचा संच, मल्टिमीटर, जाळीचं नरसाळं, ग्रीसगन, डिझेल आणि हवेचे फिल्टर, पंख्याचा पट्टा, क्लॅम्प, तांब्याचे वॉशर, इंजिन ऑईल. सोबत एक वही, इंजिन किती तास चाललं, ऑईल कधी बदललं, काय बिघडलं हे लिहायला. आणि प्रत्येक गटातल्या दोघांचं प्रशिक्षण. महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. शिकवणारे आहेत, शिकणारेही आहेत. अडतं ते प्रवासाच्या, राहण्याच्या आणि बुडणाऱ्या मजुरीच्या पैशापाशी. तिथे आपली देणगी कामी यायची आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. फिल्टरची फित कापता येत नाही. ऑईलच्या डब्यावर आजोबांच्या स्मरणार्थ पाटी लावता येत नाही. पेटीतलं सामान वर्षभरात संपणार, आणि आम्ही पुढच्या वर्षी परत मागायला येणार. सामान संपलं याचा अर्थच ते वापरलं गेलं. ज्यांना नवा ट्रॅक्टर द्यायचा असेल त्यांचंही स्वागत आहे, फक्त त्यासोबत त्याच्या पाच वर्षांच्या फिल्टरांचे आणि एका माणसाच्या शिक्षणाचेही पैसे द्यावेत, ही विनंती.

देणगीच्या अर्जावर दोन चौकटी आहेत, 'पेटी' आणि 'प्रशिक्षण'. एक पेटी दोन-तीन कुटुंबांनी मिळून दिली तरी चालेल. वहीत लिहिलेल्या नोंदी आम्ही दर सहा महिन्यांनी मागवणार आहोत, आणि कुठलं यंत्र किती दिवस बंद राहिलं ते आपल्याला कळवणार आहोत, बरं असो वा वाईट.