वृद्धाश्रमातील दुखापत : दखल आणि दाद



1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा. येथील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात आणि वृद्ध मागे राहतात. त्यांतील काहींच्या वाट्याला वृद्धाश्रम येतो. तेथे विचारपूस करणारे रक्ताचे माणूस जवळ नसते. म्हणूनच शिक्षक व पंचायत सदस्य यांनी दिलेल्या भेटीला विशेष महत्त्व आहे.

उतारवयात हाडे ठिसूळ होतात. तोल जाऊन पडल्याने खुब्याचे हाड मोडू शकते. प्रत्येक दुखापत म्हणजे हेळसांड नव्हे. परंतु दवाखान्यात नेण्यास विलंब झाला, दुखापतीचे कारण प्रत्येक जण निराळे सांगू लागला, सतत पडून राहिल्याने झालेल्या जखमा चिघळल्या, अथवा वृद्धाला एकांतात बोलू दिले जात नसेल, तर संशयास जागा आहे. ज्याच्या हातचे खायचे त्याच्याविरुद्ध बोलायचे कसे, या भीतीने वृद्ध स्वतः गप्प राहतात.

अशा वेळी प्रथम उपचार व शासकीय रुग्णालयात तपासणी व्हावी. तारीख, वेळ, दुखापतीची जागा, कामावर असलेले कर्मचारी आणि वृद्धाचे स्वतःचे शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. जखम भरून येते, खूण पुसली जाते. लेखी नोंद मात्र टिकते.

उपविभागीय अधिकाऱ्यांचे न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून मिळावयाच्या निर्वाहाचा निर्णय करते. आश्रमातील दुखापतीची खबर पोलीस ठाण्यात द्यावी. प्रत जिल्हाधिकारी व समाजकल्याण विभागाचे जिल्हा कार्यालय यांना देऊन पोच घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमानुसार अंमलबजावणीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविता येतात. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली निष्काळजीपणाने जीव धोक्यात घालणे हा गुन्हा असून, हाड मोडणे ही गंभीर दुखापत मानली जाते. मार्गदर्शनासाठी 14567 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

खबर देणाऱ्याने दोष सिद्ध करावयाचा नसतो. पाहिले तेवढे सांगावयाचे असते. चौकशीत कोणी दोषी ठरले नाही, तरी निसरडी न्हाणी, कठड्याविना जिना, रात्रपाळीला अपुरी माणसे या उणिवा उजेडात येतात. त्या वेळीच दूर झाल्या, तर पुढच्या वृद्धाचे हाड वाचते. प्रामाणिकपणे सेवा करणाऱ्या आश्रमालाही त्यातच समाधान आहे.