समाजाचे आरोग्य आणि विषमता : मोजमापाचे महत्त्व
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखी पाठ)



सेवाभावी ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या अहवालात आरोग्यसेवेचे पान हमखास असते. किती रुग्ण तपासले, किती नेत्रशस्त्रक्रिया झाल्या, किती जणांना औषधे दिली, याची नोंद तेथे मिळते. ही नोंद अभिमानास्पदच होय. तथापि तिच्यात एक रकाना सहसा नसतो. जे शिबिरात आलेच नाहीत, ते कोण होते आणि का आले नाहीत? या प्रश्नापासूनच लोकसमूहाच्या आरोग्याचे शास्त्र सुरू होते.

डॉक्टरांपुढे एक रुग्ण असतो. तो आजारी का पडला, हा त्यांचा प्रश्न. लोकसमूहाच्या आरोग्याचा अभ्यासक निराळा प्रश्न विचारतो : एकाच गावात एका वस्तीत आजार अधिक आणि दुसऱ्या वस्तीत कमी, असे का? उत्पन्न, शिक्षण, जात, स्त्री-पुरुष भेद आणि दवाखान्यापासूनचे अंतर यांचा आयुर्मानाशी संबंध काय? हे तपासल्याविना केलेला दानधर्म पुष्कळदा ज्यांना गरज कमी त्यांच्यापर्यंत आधी पोहोचतो.

विषमता केवळ अन्नान्नदशेतच आजार निर्माण करते, हा समज इंग्लंडमधील एका अभ्यासाने दूर केला. १९६७ साली लंडनच्या सरकारी कार्यालयांतील सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी सुरू झाली. व्हाइटहॉल अभ्यास या नावाने ती प्रसिद्ध आहे. या सर्वांना कायम नोकरी होती, सरकारी आरोग्यसेवाही उपलब्ध होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई, द्वारपाल आदींचे मृत्युप्रमाण सर्वोच्च श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. श्रेणीची एकेक पायरी उतरावी तसा धोका वाढत होता. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे हिशेबात घेऊनही या तफावतीचा मोठा भाग शिल्लक राहिला. पुढे या अभ्यासाची धुरा वाहणारे डॉ. मायकेल मार्मट जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष झाले. आरोग्याची विषमता ही बव्हंशी समाजव्यवस्थेतून निर्माण होते आणि म्हणूनच ती टाळता येते, असे त्या आयोगाने २००८ च्या अहवालात मांडले.

मोजमापाने केवळ दुःख कळते असे नाही, तर उपायही सापडतो. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेद्वारे कार्य आरंभिले. तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता; मात्र पूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. दवाखान्याची नोंदवही पाहिली असती, तर हा आजार जवळजवळ नाहीच असे वाटले असते. स्त्रिया सोसत होत्या आणि कागद कोरा होता.

पुढे त्यांनी नवजात बालकांच्या मृत्यूंकडे लक्ष वळविले. १९९३ पासून ३९ गावांत उपचाराचा प्रयोग झाला व तुलनेसाठी आणखी ४७ गावांची नोंद ठेवण्यात आली. गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले गेले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास घरीच इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ पर्यंत खाली आले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू निष्ठेने नोंदविला गेला, म्हणूनच हे शक्य झाले.

देशपातळीवर हेच काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. पहिले सर्वेक्षण १९९२-९३ मध्ये झाले. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने त्याची धुरा सांभाळली. २००५-०६ च्या सर्वेक्षणात सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांत पाच वर्षांखालील बालमृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे १००, तर सर्वांत संपन्न पंचमांशात सुमारे ३४ होते. २०१९-२१ पर्यंत सर्वच थरांत हे प्रमाण बरेच घटले, ही समाधानाची बाब. परंतु गरीब आणि संपन्न यांच्यातील फरक तेव्हाही सुमारे तिप्पटच राहिला. सरासरी सुधारली म्हणजे विषमता मिटली, असे होत नाही.

येथवर दुसऱ्यांचे आकडे झाले. मोजपट्टी स्वतःच्या घराला लावली की परीक्षा खरी. २००१ च्या जनगणनेनुसार जैन समाजातील साक्षरता ९४.१ टक्के होती. सर्व प्रमुख धर्मसमाजांत ती सर्वाधिक. स्त्रियांची साक्षरताही ९० टक्क्यांवर होती. याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या मात्र ८७० होती. देशाची सरासरी ९२७ होती. निसर्गतः दर हजार मुलांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. २०११ मध्ये जैन समाजाचा आकडा ८८९ वर आला. सुधारणा झाली, तरी तो राष्ट्रीय सरासरीहून खालीच राहिला.

याचा अर्थ कठोर आहे, पण तो टाळता येणार नाही. गडचिरोलीतील बालमृत्यूंमागे दारिद्र्य आणि उपचारांचा अभाव होता. येथे दारिद्र्य नाही, निरक्षरता नाही, दवाखान्याचे अंतरही नाही. उलट सोनोग्राफीचे यंत्र जवळ असणे आणि तिचे शुल्क सहज परवडणे, हीच गोष्ट मुलीच्या जन्माआड आली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात प्रथम कायदा केला; केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. कायदा सोनोग्राफी केंद्रावर लक्ष ठेवू शकतो, घरातील अपेक्षेवर नाही. मुंगीलाही इजा होऊ नये म्हणून पाऊल जपून टाकणाऱ्या समाजाला हा आकडा अस्वस्थ करणारा आहे, आणि तसा तो वाटला पाहिजे.

मग स्थानिक ट्रस्टने काय करावे? पहिले साधन हाताशीच आहे. अनेक गावांत समाजाची परिवार परिचय पुस्तिका निघते. तीत प्रत्येक घरातील मुलामुलींची नावे व वये असतात. त्यावरून गेल्या वीस वर्षांतील मुलामुलींचे प्रमाण काढता येते. एका वर्षाच्या दहा-वीस जन्मांवरून मात्र निष्कर्ष काढू नये. संख्या लहान असली की योगायोगानेही फरक पडतो. अनेक वर्षांचे आणि अनेक गावांचे आकडे एकत्र केले, तरच चित्र स्पष्ट होते. ते मांडताना कोणत्याही कुटुंबाचे नाव उघड होता कामा नये, कारण उद्देश दोषारोपाचा नसून जाणिवेचा आहे.

दुसरे साधन म्हणजे शिबिराची नोंदवही. तीत वय, स्त्री की पुरुष, वस्ती आणि पुन्हा तपासणीस आले की नाही, एवढे चार रकाने वाढविले, तरी कोणती वस्ती व कोणते वय वगळले जाते हे दोन-तीन वर्षांत कळू लागेल. त्यानुसार पुढचे शिबिर मंदिराच्या सभागृहाऐवजी त्या वस्तीत भरविता येईल. मजुरी बुडू नये म्हणून सायंकाळची वेळही ठेवता येईल.

तिसरी संधी तरुणांसाठी आहे. समाजातील मुले-मुली लेखापाल, अभियंते, डॉक्टर होतात. हिशेबाची शिस्त घराघरात आहे. हीच शिस्त लोकसंख्याशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासाला हवी असते. देवनारच्या संस्थेत आणि टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन होते. सर्वेक्षणांचे अहवाल सर्वांना खुले आहेत. ट्रस्टच्या शिष्यवृत्त्यांपैकी एखादी या अभ्यासासाठी राखून ठेवल्यास ते दूरदृष्टीचे दान ठरेल.

२०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना लांबली. शासनाने आता तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित केली आहे. प्रत्येक कुटुंबाने गणनेत अचूक माहिती द्यावी, हे नागरिकाचे कर्तव्य होय. तथापि ८७० आणि ८८९ यांच्यापुढचा आकडा गणकाच्या लेखणीने ठरणार नाही. मुलगी झाल्याचे कळताच घरातील वडीलधारे काय बोलतात, पेढे वाटतात की गप्प बसतात, यावर तो ठरेल.

जय जिनेंद्र.