मुलांचे म्हणणे



शाळा कोणासाठी, असे विचारले तर आपण सारे एकमुखाने ‘मुलांसाठी’ असे सांगतो. परंतु शाळा सुधारावयाची ठरली, की मुलांखेरीज इतर सर्वांना विचारतो.

मुलांना विचारण्याची रीत विदर्भाला नवी नाही. वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या परिषदेतून नयी तालीम पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत मुलांची आमसभा भरे. स्वयंपाक, सफाई इत्यादी कामांचे मंत्री मुलेच निवडीत आणि मंत्र्यांस सभेपुढे जाब द्यावा लागे. गुरुजनही त्यांच्या बरोबरीने राबत.

पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या. आपल्या राज्याने तीत विद्यार्थ्यांनाही स्थान दिले. पण खुर्ची मिळाली म्हणजे वाचा फुटतेच असे नाही. आपल्या मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यात शाळेचे पाणी पिण्याजोगे आहे काय, मुलींच्या संडासाची कडी लागते काय, हे मुलांहून अधिक कोणास ठाऊक? ते त्यांनी सांगावे, समितीने इतिवृत्तात लिहावे. आणि जे होणार नाही ते का होणार नाही, हेही त्यांना समक्ष सांगावे.

मुले म्हणतील ते सारे करावे, असा आमचा आग्रह नाही. त्यांना उत्तर मिळावे, एवढाच आहे. ज्या मुलाला उत्तर मिळत नाही ते दुसऱ्यांदा विचारीत नाही. आणि मोठेपणी ग्रामसभेतही ते मुकेच बसते.