गाडीच्या पोटाखालचा गंज

गडचिरोली जिल्ह्यातल्या सुरजागडच्या डोंगरात सापडतं ते हेमॅटाइट, म्हणजे प्राणवायूशी जडलेलं लोखंड. भट्टीत आपण ही जोडी तोडतो. पण ओल आणि हवा मिळाली की लोखंड पुन्हा प्राणवायूला बिलगतं. गंज तो हाच.

भामरागडकडच्या वाटेवर फिरत्या दवाखान्याची गाडी पावसाळाभर चिखल तुडवते. चासीच्या सांध्यांत बसलेला चिखल ओल धरून ठेवतो. म्हणून गाडी खालूनही धुवा, पाणी निथळायची भोकं मोकळी करा. वाळल्यावर गंज तारेच्या ब्रशनं खरवडा, रेड ऑक्साइड लावा, वर रंग द्या. जळकं ऑइल फासू नका. ते रबर खराब करतं, मातीत झिरपतं. ब्रेकच्या नळ्या मात्र मिस्त्रीलाच दाखवा. नळी गंजून फुटेल, तेव्हा गाडीत एखादी बाळंतीण असेल.