ओटीपी मुंबईत, बाई गावात

झोडणी आटपली असेल तर जरा टेका आणि ऐका.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहिणीच्या अर्जांसाठी अंगणवाडीत केवढी गर्दी झाली होती, आठवतं ना? हातात कागद होते, पण बहुतेकींचे अर्ज गेले ते नारीशक्ती दूत ॲपमधून. २०२५ च्या सप्टेंबरपासून ई-केवायसी आली. तिला तर कागदच नाही. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. आधी आपला, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा.

इथेच आपल्या रत्नागिरीची गाडी अडते. आधार काढलं तेव्हा घरात एकच फोन, तो मुलाचा. तोच नंबर दिला. पुढे मुलगा मुंबईला गेला आणि फोनही गेला. आमच्या गटातल्या एका काकींचं आणि काकांचं, दोघांचंही आधार असंच. काकी रेंजसाठी सड्यावर चढल्या, तर मुलाचा फोन कंपनीच्या गेटवर जमा. जेवणाच्या सुट्टीत त्याने आकडे सांगितले, तोवर मुदत संपलेली. अशा तीन खेपा झाल्या. शेवटी त्याने रजा टाकली. पंधराशे रुपयांसाठी त्याचा एका दिवसाचा पगार गेला!

म्हणून आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. आधार केंद्रावर स्वतः जायचं, बोटांचे ठसे द्यायचे. साधा बटणांचा फोनही चालतो, कारण ओटीपी मेसेजनेच येतो. रिचार्ज मात्र चालू ठेवा. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते.

आणखी एक. कागदावर सही करताना वर काय लिहिलंय ते निदान दिसायचं. पडद्यावर भरणाऱ्याने ‘होय’ दाबलं की ‘नाही’, आपल्याला कळतही नाही. शेवटचं बटण दाबायच्या आधी सगळं मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मागे रांग कुरकुरली तरी चालेल.

कागद तरी कुठे सज्जन होता म्हणा! माझा एक अर्ज एका कचेरीत हरवला, आणि माझ्याकडे पोच नव्हती. २०१५ पासून आपल्याकडे लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात येणाऱ्या दाखल्यासाठी अर्ज केलात की पोच मागून घ्या. अर्जाचा क्रमांक आणि काम कधीपर्यंत व्हायला हवं, ते तिच्यावर बघा. मुदत उलटली तर अपील करता येतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आधार आणि फोन घेऊन या. कुणाचा नंबर कुणाच्या खिशात आहे, ते आधी बघू.