अकरावीला व्होकेशनल घ्यायचं म्हणजे नेमकं काय?

दहावीचा निकाल लागला की आमच्या गटांच्या बैठकीत कर्जापेक्षा जास्त चर्चा एकाच गोष्टीची होते, पोरीला पुढे कशाला घालायची? आर्ट्स, कॉमर्स, सायन्स ही तीन नावं सगळ्यांना पाठ आहेत. चौथं नाव निघालं की बाया गप्प होतात, किंवा एखादी वहिनी म्हणते, "व्होकेशनल? ते नापास होणाऱ्यांचं ना?" आज त्या चौथ्या नावाबद्दल बोलायचं आहे, आणि तेही विज्ञानाच्या बाजूने.

आधी हे सांगते, की वापरातलं विज्ञान आपल्याला नवं नाही. रोपवाटिका पेरण्याआधी आपण भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतो. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्के. पोचट बी तरंगतं, ते काढून टाकायचं. भरलेलं बी तळाला जातं, ते दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. साध्या पाण्यात मीठ घातलं की पाणी जड होतं, म्हणून अर्धवट भरलेला दाणाही वर येतो. पुस्तकात याला घनता म्हणतात. पीकशास्त्र शिकणाऱ्या मुलीला हेच कारणासकट शिकवतात आणि तिच्या हातून करूनही घेतात.

किंवा आपल्या पडघ्याचंच बघा. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर तारांवरून वीज इथे येते, ५०० किलोव्होल्टने, आणि तीही डीसी. १९९९ पासून ही लाइन सुरू आहे. इथे आल्यावर तिची एसी करतात आणि मग ती पुढे जाते. एवढं मोठं काम आपल्या दाराशी चालतं, पण आपली किती मुलं इलेक्ट्रिकल शिकायला जातात? मुली तर विचारूच नका. बारावी झाली की हायवेलगतच्या गोदामात पॅकिंगला. त्या कामाला मी नावं ठेवत नाही, त्यावर कित्येक घरं चालतात. पण पाच वर्षांनीही पोर त्याच टेबलावर उभी असते, ते मला खुपतं.

आता मुद्द्यावर येते. आपल्या राज्यात व्होकेशनल या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोटाळा इथेच होतो.

पहिली, द्विलक्ष्यी, म्हणजे बायफोकल. यात मुलगी सायन्सलाच असते. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, बहुतेक ठिकाणी गणितही राहतं. दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडून त्या जागी २०० गुणांचा एक व्यवसाय विषय येतो, उदाहरणार्थ इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स किंवा पीकशास्त्र. इंजिनिअरिंगचा रस्ता उघडा राहतो. पण सोडलेला विषय सहसा बायॉलॉजी असतो. म्हणजे पोरीला बी.एस्सी. नर्सिंग किंवा डॉक्टरकी करायची असेल तर हे घेऊ नका. फॉर्म भरतानाच विचारा, कोणता विषय सुटणार?

दुसरी, एचएससी व्होकेशनल. जुन्या लोकांना ते एमसीव्हीसी म्हणून माहीत आहे. किमान कौशल्यावर आधारलेले हे अभ्यासक्रम राज्यात १९८८-८९ पासून आले. यात भाषा असतात, एक सामान्य पायाभूत विषय असतो आणि मुख्य व्यवसायाचे तीन पेपर असतात, त्यांचं प्रात्यक्षिकही असतं. मेडिकल लॅब टेक्निशियन, पीकशास्त्र, फळबाग, दुग्धव्यवसाय, इलेक्ट्रिकल, अन्नपदार्थ तंत्रज्ञान असे विषय आहेत. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित असे वेगळे पेपर नसतात. विज्ञान शिकवतात, पण कामाच्या आतून.

लॅब टेक्निशियनचं उदाहरण घ्या. हिमोग्लोबिन तपासायची साहलीची एक जुनी पद्धत आहे. बोटातून २० घन मिलिमीटर रक्त घ्यायचं, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचं, ते तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत बाजूच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. फळ्यावर पाठ केलेलं आम्ल इथे एखाद्या बाईच्या अशक्तपणाचं माप सांगतं. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. ज्या पोरीची आईच त्यात आहे, तिला हा विषय परका कसा वाटेल?

बारावीनंतर या मुलांना शिकाऊ उमेदवारीही मिळू शकते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९८६ मध्ये बदल करून व्होकेशनलची बारावी झालेल्यांना आत घेतलं. एक वर्ष काम शिकायचं आणि विद्यावेतन घ्यायचं. पश्चिम भागाचं त्याचं मंडळ मुंबईत शीवला आहे. तांत्रिक विषय असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं.

दारं मात्र बंद होतात, हेही सांगायला हवं. एचएससी व्होकेशनल करून नंतर "आता इंजिनिअरिंगची सीईटी देते" म्हणाल तर ते बसत नाही. म्हणून मला "हुशार पोरीला सायन्स, बाकीच्यांना व्होकेशनल" ही वाटणीच पटत नाही. प्रश्न हुशारीचा नाही. दोन वर्षांनी पोरीला कुठे उभं राहायचं आहे आणि तिचा हात कशात चालतो, ते आधी बघा. एखादीला पुस्तक घेऊन बसवत नाही, पण मिक्सर उघडून बसते. घरात ती कुणालाही दिसते, मार्कलिस्टमध्ये दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कडक सांगते. आमच्या एका गटातल्या ताईने चाळीस हजारांचं कर्ज काढून मुलीला सहा महिन्यांच्या खासगी लॅब कोर्सला घातलं. कुठला ते सांगत नाही. हातात रंगीत सर्टिफिकेट आलं, पण नोकरीच्या ठिकाणी पहिला प्रश्न झाला, हे कोणत्या मंडळाचं? उत्तर नव्हतं. हप्ते मात्र ताई अजून फेडते आहे. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी मागा: परीक्षा कोण घेतं, गुणपत्रिका कोण देतं, आणि पॅरामेडिकल असेल तर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का. "होईल ना ताई" हे उत्तर धरू नका.

कॉलेजातही जाऊन बघा. तुकडी यंदा चालू आहे का, कारण प्रत्येक ठिकाणी प्रत्येक विषय मिळत नाही. प्रयोगशाळेला कुलूप आहे की मुलं आत आहेत? सूक्ष्मदर्शकावर धूळ असेल तर समजून जा. पडघ्यातून कल्याणला, शहापूरला रोज जायचं तर संध्याकाळची शेवटची गाडी कोणती, प्रात्यक्षिक किती वाजेपर्यंत, हेही विचारा. मुलींचं शिक्षण बऱ्याचदा विषयावर नाही, त्या शेवटच्या गाडीवर अडतं.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर पसंतीक्रम टाकू नका, मुलीला शेजारी बसवून तिच्या हाताने भरा. आदिवासी आणि मागासवर्गीय मुलींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर असतो, त्यासाठी जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्तापासून काढून ठेवा. तहसीलला जूनमध्ये काय रांग असते ते तुम्हाला माहीतच आहे.

पुढच्या बैठकीला वहीबरोबर मुलीलाही घेऊन या. ती काय म्हणते ते आपण सगळ्या मिळून ऐकू.